पुण्याच्या कोरड्या हवेत कॅमेलियन : घर, पाणी आणि खाणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेली काही वर्षं मी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये व्हेल्ड कॅमेलियन (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक परदेशी जात) सांभाळतो आहे. मला येणारे बहुतेक प्रश्न मार्च ते मे या काळात येतात आणि त्यांतले निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात : "हवा फार कोरडी झालीये, काय करू?" म्हणून त्या प्रश्नाला इथे सगळ्यात जास्त जागा दिली आहे. बाकीचे प्रश्न लोक ज्या क्रमाने विचारतात साधारण त्याच क्रमाने आहेत.

टेकडीवर सरडगुहिरा सापडला. घरी आणून पाळला तर चालेल का?

नाही. सरडगुहिरा किंवा घोयरा म्हणतात तो आपला देशी कॅमेलियन. भारतात कॅमेलियनची ही एकच जात सापडते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली तिला संरक्षण आहे. पकडणं, घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा आहे. कुणी "गावाकडून आणून देतो" म्हणालं तर तिथेच थांबवा. कायदा बाजूला ठेवला तरी रानातून पकडलेला प्राणी पोटात जंत घेऊन येतो, भीतीने खाणं सोडतो आणि पिंजऱ्यात बहुतेक वेळा झुरून मरतो.

तो रस्त्यावर दिसला तर मात्र मदत जरूर करा. मादी अंडी घालायला झाडावरून जमिनीवर उतरते आणि त्या डुलत-डुलत चालण्याने गाडीखाली सापडते. एक काठी तिच्यापुढे धरा, ती आपोआप चढेल. जिकडे तोंड करून निघाली होती त्याच बाजूच्या झुडपावर सोडा. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घोयरा विषारी नसतो. तो चावला की माणूस दगावतो, नुसता फुंकरला तरी अपाय होतो, अशा समजुतींपायी आजही कित्येक घोयरे दगडाने ठेचले जातात. हे तुमच्या गावात, सोसायटीत जितक्या लोकांना सांगता येईल तितक्यांना सांगा.

मग परदेशी कॅमेलियन पाळणं कायदेशीर आहे का?

नोंदणी केली तर आहे. पाळले जाणारे परदेशी कॅमेलियन साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. २०२२ च्या दुरुस्तीने असे प्राणी वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. पुढे पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं.

विकणाऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या नोंदणीचे कागद मागा. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, प्राणी कितीही देखणा असो.

पुण्यात कुठली जात तग धरते?

व्हेल्ड. ही मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातली. तिथे दिवसा ऊन आणि कोरडी हवा, रात्री गारवा आणि पहाटे दव. आपल्या दख्खनी हवेशी हे बरंच जुळतं. पँथर कॅमेलियन मादागास्करच्या दमट किनाऱ्याकडचा. तो पुण्यात राहतो, पण उन्हाळ्यात त्याच्यामागे दुप्पट धावावं लागतं. जॅक्सन्स कॅमेलियन हा केनिया-टांझानियाच्या थंड डोंगरांतला आहे, पुण्याचा एप्रिल त्याला सोसणार नाही. पहिल्यांदा पाळणार असाल तर व्हेल्डचा नर घ्या. नर-मादी पिल्लांतही ओळखता येतात : नराच्या मागच्या पायाच्या टाचेला एक छोटा काटा असतो, मादीला नसतो. नर का, ते खाली अंड्यांच्या प्रश्नात आलं आहे.

पिंजरा काचेचा घ्यावा की जाळीचा?

मोठ्या व्हेल्डसाठी किमान दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. उंचीत काटकसर करू नका. हा प्राणी वरून खाली बघत जगतो. पिंजरा टेबलावर ठेवा, म्हणजे त्याची बसायची फांदी तुमच्या डोक्याच्या वर येईल. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यात तो कायम दबकून असतो.

परदेशातल्या माहितीत सहसा चारही बाजूंनी जाळीचा पिंजरा सुचवलेला असतो. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने तो उत्तम. मार्चपासून मात्र सगळी ओल त्यातून उडून जाते. पूर्ण काचेच्या पेटीत उलटा त्रास : हवा कोंडते, बुरशी येते, छातीचे आजार होतात. माझा पिंजरा मधला आहे. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, मागची आणि दोन्ही बाजूंची भिंत पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची, छत जाळीचं आणि दाराच्या खालच्या भागात जाळीची एक पट्टी. खालून हवा आत येते, तापून वरून जाते. कोणताही स्लायडिंग खिडक्या करणारा कारागीर मापं दिली की असा पिंजरा करून देतो. जाळी आणि किरकोळ हार्डवेअर मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलं. आधीच जाळीचा पिंजरा असेल तर जाड पारदर्शक प्लास्टिकने तीन बाजू बाहेरून झाका. जूनमध्ये काढून टाका.

जाळी बारीक आणि गुळगुळीत हवी. मोठ्या भोकांच्या जाळीत नखं अडकून निघतात.

तळाला काही पसरू नका. कोकोपीट, वाळू, लाकडाचा भुसा यातलं काहीही जिभेला चिकटून पोटात जातं. उघडा ट्रे ठेवा आणि त्यात साचलेलं पाणी रोज ओता. आपल्या शहरात साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण.

दुपारी घरातली आर्द्रता २० टक्क्यांवर येते. दिवसभर फवारत राहू का?

नको. सगळ्यात जास्त कॅमेलियन याच चुकीने आजारी पडतात, आणि चूक करणारे मायेपोटीच करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आर्द्रतेचा आकडा तापमानावर अवलंबून असतो. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशाला २० टक्के असलेली हवा घ्या. त्यात एक थेंबही पाणी न घालता ती रात्री २२ अंशांपर्यंत उतरली, तर तिचीच आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे दुपारचा आकडा बघून घाबरायचं कारण नसतं. येमेनच्या डोंगरात हा प्राणी दिवसा कोरड्या उन्हातच बसतो. त्याचं पाणी त्याला रात्री मिळतं. गार, ओलसर हवेत झोपताना श्वासावाटे पाणी कमी उडतं आणि पहाटे पानावरचं दव तो चाटतो. दिवस कोरडा, रात्र ओली, ही त्याची घडी. आपण दिवसभर फवारलं तर दिव्याखालचा गरम पिंजरा वाफाळतो. गरम आणि ओल्या हवेत जंतू वाढतात, फुप्फुसांना संसर्ग होतो. पाय सतत ओले राहून त्वचा खराब होते ते वेगळंच.

म्हणून पुण्यात रात्र सांभाळायची. दिवसा ३५ ते ५० टक्के पुष्कळ झालं, थोडा वेळ त्याखाली गेलं तरी चालतं. रात्री ७० ते ९० टक्क्यांपर्यंत न्यायचं.

माझ्या घरी उन्हाळ्यात असं चालतं : संध्याकाळी ७ ला दिवे बंद. त्यानंतर अर्ध्या तासाने तीन मिनिटं फवारा, झाडं निथळेपर्यंत. मग खोलीची खिडकी उघडी, कारण बाहेरची हवा घरातल्या तापलेल्या भिंतींपेक्षा लवकर गार होते. पहाटे ५ ला, तो उठायच्या आधी, पुन्हा चार मिनिटं फवारा. सकाळी ७ ला दिवे लागेपर्यंत पानांवर थेंब असतात आणि तो उठल्या उठल्या पितो. ९ पर्यंत पिंजरा पूर्ण सुकलेला असतो. दुपारी फवारा नाही, फक्त ठिबक.

फॉगर, म्हणजे थंड धुकं सोडणारं यंत्र, मी डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री १ ते ५ लावतो. खोली २२ अंशांखाली उतरली असेल तरच. गरम खोलीत धुकं कोंडलं की पुन्हा तोच संसर्गाचा धोका. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रात्रीही २८-२९ अंश असतात. तिथे फॉगरपेक्षा दाट झाडं, झाकलेल्या बाजू आणि लांब फवारा जास्त कामाचा.

एक करून बघा : तुमचा आर्द्रतामापक खरा आहे का ते तपासा. झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ थोड्या पाण्याने ओलसर करा, मापक शेजारी ठेवा, डबा घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. माझ्याकडच्या एका स्वस्त मापकाने ५८ दाखवले होते. त्याच्या भरवशावर मी महिनाभर विनाकारण फवारत होतो.

वाटीत पाणी ठेवलं तर पितो का?

बहुधा नाही. साचलेलं पाणी त्याला पाणी वाटत नाही. हलणारा, चमकणारा थेंब दिसला की तो जीभ काढतो. म्हणून पानांवर थेंब हवेत.

ठिबकासाठी मेडिकलच्या दुकानातला सलाइनचा सेट घ्या. प्लास्टिकची बाटली पिंजऱ्यावर उलटी टांगा, नळी जाळीतून एका रुंद पानावर सोडा आणि चक्रीने दोन सेकंदांना एक थेंब असा वेग ठेवा. खाली भांडं हवंच. बाजारातल्या तयार ड्रिपरपेक्षा याचा वेग जास्त नीट जुळतो असा माझा अनुभव आहे. दर आठवड्याला नळी गरम पाण्याने धुवा, दोन-तीन महिन्यांनी बदला.

पाणी पुरतंय का, हे त्याची विष्ठा सांगते. तिच्यासोबत येणारा घट्ट भाग पांढरा असला पाहिजे. टोकाला जरासा पिवळा असला तरी काळजी नको. पूर्ण केशरी दिसला तर पाणी कमी पडतंय.

फवाऱ्याला कुठली यंत्रणा आणि कुठलं पाणी?

सुरुवातीला बागेतला दाबाचा हातपंप पुरतो. औषध फवारलेला जुना पंप मात्र वापरू नका, नवाच घ्या. पुढे स्वयंचलित करायचं असेल तर आरओ फिल्टरमधला बूस्टर पंप, पाव इंची नळी, दोन बारीक नोझल आणि टायमर एवढ्यात काम होतं. टाकी रिकामी होऊ देऊ नका, पंप कोरडा फिरला की जळतो.

बोअरवेलचं पाणी जड असतं. नोझल महिन्याभरात बुजतात आणि पिंजऱ्याच्या काचेवर पांढरे डाग पडतात. मी आरओचं पाणी वापरतो. फॉगरला तर तेच हवं, कारण तो पाण्यातले क्षारही हवेत उडवतो. फॉगर दर आठवड्याला व्हिनेगरने घासून, धुऊन सुकवा.

गुरुवारी वीज नसते, पाणीही नसतं. काय करायचं?

बुधवारी रात्री टाकी आणि सलाइनची बाटली भरून ठेवा. ठिबकाला वीज लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. दिवा चार-सहा तास नसला तर निरोगी कॅमेलियनला काही होत नाही. ढगाळ दिवस गेला असं तो समजतो. फक्त त्या दिवशी खाणं अर्धं द्या. ऊब नसली की अन्न पचत नाही.

मे महिन्यात खोलीच ३६-३७ अंश होते. मग?

उबेचा दिवा बंद करा. एरवी मोठ्या नराला दिव्याखालच्या फांदीवर ३० ते ३२ अंश आणि मादीला २७ ते २९ अंश लागतात, पिंजऱ्याचा तळ २४-२५ असला की उत्तम. खोलीनेच ते ओलांडलं असेल तर दिव्याची गरजच नाही. अतिनील किरणांचा दिवा तेवढा चालू ठेवा.

एसी हवा आणखी सुकवतो. डेझर्ट कूलर मात्र एप्रिल-मेच्या पुण्यात वरदान आहे. तो गारवा देतो आणि ओलही. झोत थेट पिंजऱ्यावर नको, खोलीत फिरू द्या. वाळ्याचा पडदा ओला करून खिडकीला लावला तर तेवढ्यानेही खोलीत फरक पडतो. माझ्या आईने तो उपाय सुचवला आणि त्या वर्षीपासून आमच्याकडे दर मार्चमध्ये वाळा येतो.

तोंड उघडून बसलाय, रंग फिकट पडलाय, म्हणजे त्याला उकडतंय. लगेच सावलीत, कमी उंचीवर हलवा आणि साध्या पाण्याचा बारीक फवारा द्या. बर्फाचं पाणी नको.

आणि पावसाळा, हिवाळा?

जून ते सप्टेंबर घरातली हवाच ओली असते. रात्रीचा फवारा बंद, पहाटेचा एकच, एक-दीड मिनिट. पिंजऱ्यावरची झाकणं काढा. भिंतीच्या बाजूला बुरशी येते का ते बघा.

जानेवारीत बाहेर १०-११ अंश झाले तरी बंद खोलीत सहसा १७-१८ असतात. व्हेल्डला हे मानवतं, रात्रीचा गारवा त्याला हवाच असतो. पिल्लांना मात्र २० च्या खाली नेऊ नका. रात्री लाल किंवा निळा दिवा लावायचा नाही, तो त्यांना दिसतो आणि झोप मोडते.

खिडकीतून ऊन येतं. मग वेगळा दिवा कशाला?

काच अतिनील-बी किरण अडवते. खिडकीआडच्या उन्हात ऊब मिळते, पण त्वचेत डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही. डी३ नाही तर कॅल्शियम पचत नाही, आणि मग हाडं मऊ पडतात, पाय कमानीसारखे वाकतात, जबडा रबरासारखा होतो. वाकलेली हाडं पुन्हा सरळ होत नाहीत.

लांब नळीचा टी५ प्रकारचा, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीचा (म्हणजे अतिनील-बीचा) दिवा घ्या. जाळीच्या छतावर ठेवा आणि प्राण्याची पाठ त्यापासून २०-२५ सेंटिमीटरवर राहील अशी फांदी बांधा. दिवसाला बारा तास. दिवा डोळ्यांना उजळ दिसला तरी वर्षाने बदला, कारण प्रकाश राहतो आणि किरण आधी संपतात. गोल, गुंडाळीचे छोटे बल्ब या कामाला अपुरे आहेत.

सकाळचं कोवळं ऊन सगळ्यांत उत्तम. जाळीच्या पिंजऱ्यातून गॅलरीत अर्धा तास, अर्धी सावली असलेल्या जागी, आणि तुम्ही शेजारी. पुण्यात घारी, कावळे आणि मांजरी तिन्ही आहेत. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नका. काही मिनिटांत तिची भट्टी होते.

खायला काय द्यायचं?

जिवंत किडे. मुख्य खाणं रातकिडे. सोबत बदल म्हणून रेशमाच्या अळ्या, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आणि अधूनमधून सुपरवर्म (भुंग्याच्या मोठ्या अळ्या). रेशमाच्या अळ्यांमध्ये पाणी भरपूर असतं, म्हणून उन्हाळ्यात त्या फार उपयोगी. सोल्जर फ्लायच्या अळ्यांत कॅल्शियम चांगलं असतं. मीलवर्मचं (याही भुंग्याच्याच अळ्या) कवच जाड, पोषण कमी, म्हणून ते फक्त चवीपुरते. किड्याची लांबी प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको.

व्हेल्ड पानंही खातो. जास्वंदीचं पान-फूल त्याला आवडतं.

किती? तीन महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला रोज, दहा-बारा मिनिटांत संपवेल तेवढे छोटे रातकिडे. सहा महिन्यांनंतर हळूहळू कमी करत, वर्षाच्या प्राण्याला एक दिवसाआड चार-पाच. त्याच्या नजरेत भूक कायम असते. त्या नजरेला भुलून लोक जास्त घालतात आणि लठ्ठ, आजारी प्राणी तयार होतो. मीही पहिल्या वर्षी हेच केलं.

रातकिडे दर आठवड्याला विकत घेणं परवडत नाही. घरी वाढवता येतील का?

येतात. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, झाकण कापून धातूची जाळी बसवा. प्लास्टिकची जाळी ते कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा. पाण्याची वाटी ठेवलीत तर बुडून मरतील, ओला कापूस किंवा गाजराचे काप द्या. एका डबीत ओलसर कोकोपीट ठेवा. माद्या त्यात अंडी घालतात. ती डबी चार-पाच दिवसांनी वेगळ्या डब्यात हलवा. ३० अंशांच्या आसपास दीड-दोन आठवड्यांत मुंगीएवढी पिल्लं निघतात. उन्हाळ्यात भरभर वाढतात, जानेवारीत रेंगाळतात, तेव्हा दिवाळीनंतरच साठा वाढवून ठेवा. मेलेले किडे आणि सडकी भाजी रोज काढली तर वास येत नाही. शेजाऱ्यांना नराच्या किर्रकिर्र आवाजाची कल्पना आधी द्या.

रातकिड्यांना काय घालायचं, हे तितकंच महत्त्वाचं. जे त्यांच्या पोटात, तेच तुमच्या प्राण्याच्या पोटात. द्यायच्या आधी किमान एक दिवस शेवग्याची पानं, तुतीची पानं, लाल भोपळा, रताळं, गाजर, संत्र्याची फोड यांतलं काहीतरी घाला. शेवगा आपल्याकडे सोसायटीसोसायटीत असतो आणि त्यात कॅल्शियम भरपूर असतं, त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. कुत्र्या-मांजराचं कोरडं खाणं भरवू नका.

कॅल्शियम पावडर रोज द्यायची का? मेडिकलची गोळी कुटून चालेल का?

रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कैक पटींनी जास्त असतो. प्राण्याला हवं त्याच्या उलट. म्हणून प्रत्येक खेपेला किडे पिशवीत घालून डी३ नसलेल्या कॅल्शियम पावडरमध्ये हलके घोळवा. भाजणीत बुडवल्यासारखे पांढरेफटक नकोत. डी३ आणि अ जीवनसत्त्व असलेली मल्टीव्हिटॅमिन पावडर महिन्यातून दोनदाच.

माणसांच्या गोळीत बहुतेक वेळा डी३ असतं. रोज घातलं तर ते साठून मूत्रपिंडं बिघडवतं. ती गोळी नको.

बागेतले नाकतोडे पकडून देऊ का?

शहरातल्या बागेतले नको. कुठे कधी औषध मारलं हे तुम्हाला कळत नाही. घरातलं झुरळ तर मुळीच नको. काजवा चुकूनही देऊ नका. त्याच्यातल्या विषाने सरडे मेल्याची उदाहरणं आहेत.

याच कारणाने घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर प्राणी आणि रातकिडे दोन्ही काही दिवस दुसऱ्या घरी न्या. डासांची कॉइल, लिक्विड, उदबत्ती, धूप त्या खोलीत लावू नका. दिवाळीत फटाक्यांचा धूर आत येईल तेव्हा खिडक्या बंद ठेवा.

पिंजऱ्यात कुठली झाडं लावावी?

मनी प्लांट, शेफ्लेरा, बेंजामिना फायकस, जास्वंद. हिरवा पसारा एवढा हवा की त्याला पूर्ण लपता आलं पाहिजे. ज्याला लपायला जागा असते तोच निर्धास्त समोर येऊन बसतो. प्लास्टिकची झाडं व्हेल्डच्या पिंजऱ्यात नकोत, तो ती चावून गिळतो.

कण्हेर, रुई, शेर, डिफनबाकिया आणि चिकाचा पांढरा चाफा पिंजऱ्यात कधीही नको. कण्हेर तर आपल्या प्रत्येक दुभाजकावर आहे, तिच्या फांद्याही वापरू नका. फांद्यांसाठी पेरू किंवा चिकू छान, बोटाएवढ्या जाडीपासून मनगटाएवढ्या जाडीपर्यंत मिसळून.

नर्सरीतून आणलेल्या झाडावर कीटकनाशक असतंच असं समजा. पानं दोन्ही बाजूंनी धुवा, माती बदला आणि तीन-चार आठवडे बाहेर ठेवून मगच आत घ्या. कुंडीच्या मातीवर मोठे गोटे पसरा.

मादी एकटीच आहे. तरी अंडी घालेल?

घालेल. नर नसतानाही, कोंबडीसारखीच. मातीची जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते आणि त्यातच दगावते. व्हेल्डच्या एका खेपेत कित्येकदा ४०-५० अंडी असतात, एवढ्याने तिचं शरीर पिळवटून निघतं. नवख्याने नर घ्यावा म्हणतो ते यामुळे.

मादी असेलच तर फूटभर खोल टबात ओलसर वाळू-माती भरून कायम ठेवा. बोगदा खणला तर तो ढासळू नये इतकीच ओल. ती खाली उतरून खणायला लागली की पिंजऱ्यावर चादर टाका आणि दोन दिवस डोकावू नका. कुणी बघतंय असं वाटलं की ती खणणं सोडते. माझ्याकडच्या मादीने दोनदा अर्ध्यावर सोडलं, कारण पाहुण्यांची मुलं काचेला नाक लावून उभी होती. तिसऱ्या दिवशी मी खोलीला कुलूप लावलं आणि तिने ३६ अंडी घातली. खाणं आवरतं ठेवलं आणि ऊब २७ अंशांच्या आसपासच ठेवली तर पुढच्या खेपांत अंडी कमी होतात. हे खरंच काम करतं.

दोघं एका पिंजऱ्यात ठेवले तर?

नाही. एकमेकांना नुसते दिसले तरी दोघं ताणात राहतात. दोन पिंजऱ्यांमध्ये पुठ्ठा लावा.

रोज हातात घेऊन माणसाळवता येईल का?

तो तुमचा स्पर्श सहन करायला शिकतो, त्याला तो आवडत नाही. अंगावर गडद पट्टे, फुगलेलं अंग, फुत्कार म्हणजे "लांब रहा". रंग पाहून मन ओळखायला शिकलात तर त्याच्यासोबत राहण्याची खरी गंमत कळते. तो भिंतीचा रंग घेत नाही. त्याची भीती, राग, ऊब, जोडीदाराची ओढ रंगात उतरते. हाताने रातकिडा भरवा, तेवढी ओळख त्याला पुरते.

हात लावल्यावर साबणाने धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात तान्हं बाळ किंवा आजारी आजी-आजोबा असतील तर ट्रे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

डॉक्टरकडे कधी न्यायचं?

दिवसा डोळे मिटून बसला तर त्याच दिवशी. कॅमेलियन दिवसा झोपत नाही. आणखी खुणा : डोळे खोल गेले किंवा एक डोळा सुजला, जीभ लक्ष्यापर्यंत पोचत नाही, पकड सुटून पडतो, गार हवेतही तोंड उघडं, श्वासात टकटक आवाज, मादी फुगलेली आणि खाणं बंद. हा प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतो, तेव्हा "उद्या बघू" यात जीव जातो. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर पुण्यात मोजके आहेत. प्राणी आणायच्या आधी त्यांना फोन करून ते कॅमेलियन तपासतात का ते विचारा. आणल्यावर पहिल्या महिन्यात विष्ठेची जंतांसाठी तपासणी करून घ्या.

गणपतीला चार दिवस कोकणात जातोय. एकटा राहील?

मोठा, निरोगी प्राणी दोन दिवस राहतो, टायमर आणि पाणी चोख असेल तर. चार दिवसांसाठी कुणीतरी यायलाच हवं. मी शेजारच्या काकूंना दोनच कामं सांगतो : सलाइनची बाटली भरा आणि तो डोळे उघडे ठेवून बसलाय का ते बघा. त्या रोज एक फोटो पाठवतात. किडे मोकळे सोडून जाऊ नका, उपाशी रातकिडे रात्री झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात.

आता सांभाळणं जमत नाही. तळजाईच्या टेकडीवर सोडून दिला तर?

सोडू नका. तो मरेल, किंवा न मरता तिथल्या किड्यांवर आणि आपल्या घोयऱ्यावर संकट आणेल. अमेरिकेत फ्लोरिडात आणि हवाईच्या माउई बेटावर असेच सुटलेले व्हेल्ड आता वस्ती करून आहेत. ज्याला हे सगळं जमेल असं घर शोधा, 'परिवेश'वर हस्तांतराची नोंद करा, आणि प्राण्यासोबत पिंजरा, दिवे, पंप सगळं द्या. तो किती दिवसांनी काय खातो, हे एका कागदावर लिहूनही द्या. नव्या घरात पहिला आठवडा त्याला एकटं सोडायला सांगा.